डाव्या बाजूचा छेद

१

सकाळी साडेनऊला ऑफिस उघडायचं, चारही टेबलांवर फडकं मारायचं, नकाशे छापायचा प्लॉटर चालू करून त्याला एक रिकामी फेरी मारू द्यायची आणि कालचं राहिलेलं ड्रॉइंग पुढे ओढायचं. धाकट्याचा दोन वर्षांचा हा नेम होता. धाकटा म्हणजे हेड ड्राफ्ट्समनचा धाकटा मुलगा. थोरला शिकून लांब गेला, वर्षातून एकदा फोटो पाठवतो. धाकट्याने इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं, तेव्हा बापाने त्याला उचलून आपल्याच हाताखाली आणून बसवलं. घरात याला उपकार म्हणत. ऑफिसात त्याला ‘हाफ इंजिनिअर’ म्हणत. ते नाव ठेवलं बापानेच. पहिल्या दिवशी लोक हसले, म्हणून मग रोज म्हणू लागला.

सोमवारी बाबा स्वतः खुर्ची ओढत त्याच्या टेबलापाशी आले. हा माणूस एरवी जागेवरून हाक मारायचा.

“बारा नंबरच्या टाकीचं शीट काढ,” ते हळू आवाजात म्हणाले. “फुल सेक्शन करून दे. तारीख तीच ठेव.”

“तीच म्हणजे? गेल्या वर्षीची?”

“तीच म्हणजे तीच. साधंच सांगतोय ना?”

“आणि जुनं शीट?”

“जुनं कुठलं? एका टाकीचं एकच शीट असतं. ते फाडून टाक.” मग उठता उठता खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “गुरुवारी चौकशी आहे. तुझ्यासाठीच करतोय हे सगळं.”

थोरांचं हे एक बरं असतं. खड्डा खणतात ते आपल्यासाठीच, आणि त्यात ढकलतात तेही आपल्यासाठीच.

गोष्ट अशी होती. टाकीच्या पोटात काय आहे ते बाहेरून दिसत नाही, म्हणून ड्राफ्ट्समन कागदावरच तिला सुरी लावतो आणि कापलेलं तोंड दाखवतो. त्याला सेक्शन म्हणतात, पुस्तकात छेद. आख्खी वस्तू मधोमध कापली तर फुल सेक्शन. पण वस्तूच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या असतील तर आख्खी कापायची गरज नसते. उजवा अर्धा कापायचा, डावा बाहेरून दिसतो तसाच ठेवायचा. हा हाफ सेक्शन. आणि डाव्या बाजूला आतलं काहीही तुटक रेघांनीसुद्धा दाखवायचं नाही, असा रिवाज आहे. कशाला दाखवायचं? उजवीकडे आहे तेच डावीकडे.

बारा नंबरची टाकी अशीच काढली होती. काढली धाकट्यानेच. मग गिऱ्हाइकाने मध्येच सांगितलं, तळाला डाव्या बाजूने गाळ साचायला एक खिसा हवा. काँक्रीटच्या पायात दोन हात लांब, हातभर रुंद, कमरेइतका खोल खिसा, वर पत्र्याचं झाकण. साइटवाल्यांना हाताने काढलेली चिठ्ठी दिली, त्यांनी खिसा केला आणि ती माणसं दुसऱ्या साइटवर गेली. शीट मात्र तसंच राहिलं. दोन्ही बाजू आता सारख्या नव्हत्या, म्हणजे फुल सेक्शन काढायला हवा होता. धाकट्याने विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले होते, “तीन दिवस जातील त्यात. अर्ध्यात भागतंय ना? मग चालू दे.”

वर्षभर भागलं. नऊ दिवसांपूर्वी टाकी साफ करायला उतरलेला माणूस त्या खिशात गेला. झाकण त्याच्या वर परत बसलं, झाकणावर गाळ सरकला. लोकांनी वरून वाकून पाहिलं तर टाकी रिकामी. शीट पाहिलं तर तळ सपाट. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला तो.

२

फुल सेक्शन काढायला तीन दिवस लागणार नव्हते. सोमवारी दुपारी चारपर्यंत बाह्यरेषा झाल्या. आपण या कामात बरे आहोत, हे धाकट्याला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं, आणि त्याची त्याला किळस आली.

आता कापलेला भाग भरायचा. लोखंड कापलं तर तिरक्या रेघा, काँक्रीट कापलं तर ठिपके आणि बारीक त्रिकोण. ऑफिसात याला ‘खडी टाकणं’ म्हणायचे. कॉम्प्युटरवर हे सोपं असतं. बंद आकाराच्या आत एकदा टिचकी मारायची, खडी आपोआप हद्दीपर्यंत पसरते आणि थांबते. पोकळी पांढरीच राहते.

त्याने काँक्रीटच्या पायावर टिचकी मारली. खडी पसरली. खिशाच्या भिंतीपर्यंत आली, आणि थांबली नाही. खिशात शिरली.

“भिंतीत फट राहिली असेल,” तो स्वतःशी म्हणाला. कुठेतरी दोन रेघा टोकाला जुळल्या नाहीत की असं होतं, रोज होतं. त्याने चारही कोपरे मोठे करून पाहिले. रेघा घट्ट जुळलेल्या होत्या. खडी पुसून परत टाकली. परत खिसा भरला. जणू तिथे पोकळी नव्हतीच, सगळं भरीव होतं.

आख्खा मात्र भरला नव्हता. खिशाच्या तळाशी एक पांढरा डाग उरला होता. करंगळीच्या नखाएवढा. एका बाजूला गोल, मग बारीक, मग रुंद. त्याच्या कडेला ठिपके अगदी व्यवस्थित थांबले होते, हद्द असल्यासारखे. हद्दीची रेघ मात्र तिथे नव्हती. त्याने त्या जागेवर माउस नेऊन टिचकी मारली. निवडायला काहीच सापडलं नाही.

खोलीत पंखा फिरत होता. पलीकडच्या टेबलावर कोणीतरी पेन्सिलीला टोक करत होतं. सगळं इतकं रोजच्यासारखं होतं, की तो डागसुद्धा रोजचाच वाटायला हवा होता.

३

खिसा भरीव का भरतोय, याचं एक कारण धाकट्याला ठाऊक होतं. पण ते कारण कॉम्प्युटरला कळायचं काही कारण नव्हतं.

माणूस टाकीत गेला त्या दिवशी साइटवरून ऑफिसात फोन आला होता. दुपारचे तीन. फोन धाकट्याने घेतला. साइटचा फोरमन धापा टाकत बोलत होता. “अहो, बारा नंबरमध्ये खालून ठोकल्यासारखं ऐकू येतंय. आमचा एक माणूस दिसत नाहीये. डावीकडे खाली काही पोकळी आहे का, बघून सांगा लवकर.”

धाकट्याने स्क्रीनवर शीट उघडलं. हाफ सेक्शन. डावीकडे नुसती बाहेरची भिंत. त्याने फोनवर हात ठेवून बाबांना विचारलं, “टाकीच्या डाव्या बाजूला...” बाबांनी मान वर न करताच हलवली. नाही. “दोन्ही बाजू सारख्या आहेत म्हणून सांग.”

आणि धाकट्याने फोनमध्ये सांगितलं, “नाही, पोकळी नाही. खाली भरीव काँक्रीट आहे.”

“मग पाइप वाजत असेल,” फोरमन म्हणाला आणि फोन ठेवला.

इथवरचं सगळ्यांना माहीत होतं, निदान ऑफिसात. पुढचं कुणालाच माहीत नव्हतं. ‘भरीव’ हा शब्द तोंडातून बाहेर पडता पडताच धाकट्याला खिसा आठवला होता. अंधुक वगैरे नाही. चिठ्ठी, तिच्यावरची मापं, झाकणाची कडी, सगळं. फोन हातातच होता. फक्त परत लावायचा होता आणि म्हणायचं होतं, चुकलो, आहे, तिथे खिसा आहे. मग बाबा सगळ्या ऑफिससमोर म्हणाले असते, “हाफ इंजिनिअर, आता नाक कापायचं का आमचं?” आणि ते तोंडावर खुदकन हसणारे ऑफिसातले लोक. तेवढंच. तेवढ्यासाठी त्याने फोन खाली ठेवला. चहा आला होता, तो प्यायला. चहा संपला की लावू, असं ठरवलं. मग हातातलं काम संपलं की. मग वाटलं, आता फार उशीर झाला, आता लावला तर आधी का नाही लावला विचारतील.

ठोकणं चाळीस मिनिटं चाललं होतं म्हणे. धाकट्याच्या चहाला दहा लागली.

मंगळवारी तो ऑफिसात सगळ्यांच्या आधी आला. सुरीच दुसरीकडून न्यावी, असा त्याने विचार केला. सेक्शनची रेघ सरळच हवी असं नाही, मध्ये दोनदा वळवून हवी तिथून नेता येते. त्याला ऑफसेट सेक्शन म्हणतात. त्याने रेघ खिशाच्या अलीकडे वळवली, खिशाला स्पर्शही होणार नाही अशी. मॅनहोलमधून, शिडीमधून, मग पुढे सरळ काँक्रीटच्या भरीव भागातून. तिथे पोकळी नव्हतीच. खडी टाकली.

पांढरा डाग आला. भरीव काँक्रीटच्या मधोमध. आणि कालच्यापेक्षा मोठा, अंगठ्याएवढा.

मग त्याने टाकी आडवी कापली, तळाच्या जरा वर, म्हणजे सगळं वरून दिसेल. वरून पाहिलं तर डाग लांबट होता. एका टोकाला वळलेला, दुमडून घेतल्यासारखा. दुमड कशाची ते समजायला धाकट्याला फार वेळ लागला नाही. पण समजलेलं मान्य करायचं नसलं की माणसाला कारणं भरपूर सुचतात. फाइल बिघडली. ग्राफिक कार्ड गेलं. डोळे दुखतायत. त्याने कॉम्प्युटर बंद केला आणि कपाटातून बाबांचं जुनं ट्रेसिंग पेपरचं बंडल काढलं, शाईचं पेन काढलं. हाताने काढू. हात कसा चुकेल?

हात चुकला नाही. ठिपके टाकत टाकत हात त्या जागेपाशी आला आणि तिच्या कडेकडेने गेला, झोपलेल्या माणसाच्या अंगावरून पांघरूण सारखं करताना जातो तसा. त्याने दात आवळून मध्येच पेन टेकवलं. शाई कागदाला धरली नाही. तिचा मणी झाला आणि बाजूला घरंगळला.

कागदाला बोटांचं तेल लागलं की असं होतं. हे खरंच होतं, कुणालाही विचारा.

४

शेवटी धाकट्याने सोमवारचंच शीट छापलं. ते तपासायचं काम चेकरबाईंकडे होतं. बाबांच्याच वयाच्या, लाल पेन्सिल कानावर, तोंड फटकळ. ऑफिसात बाबांना ‘अहो जाहो’ न करणाऱ्या त्या एकट्याच.

“काय रे, रात्रभर रडलास का जागलास?” त्या शीट ओढून घेत म्हणाल्या. “डोळे बघ.”

“सर्दी झालीय, बाई.”

“सर्दी म्हणे.” लाल पेन्सिल शीटवरून सरकत होती. मापं, बाण, नावं. खिशापाशी थांबली. “हे काय सोडलंयस?”

म्हणजे त्यांनाही दिसत होतं.

“प्रिंटचा दोष असेल.”

“दोष पसरतो, असा कडेने नीट थांबत नाही. इकडे बघ. काँक्रीट कापलं तिथे खडी टाकलीस, बरोबर. मग हे मध्ये पांढरं का? सेक्शनमध्ये पांढरं काय सोडतात, सांग बरं.”

“पोकळी.”

“आणि?”

त्याला माहीत होतं. पहिल्या वर्षालाच शिकवतात. सुरी वस्तूतून गेली तरी काही गोष्टी कापायच्या नसतात. शाफ्ट, बोल्ट, आधाराची पट्टी. त्या मुळातच भरीव असतात, कापून त्यांच्यात बघण्यासारखं काही नसतं. त्यांना तसंच, अखंड, पांढरं ठेवतात.

“जे कापायचं नसतं ते,” तो म्हणाला.

“मग इथे काय आहे कापायचं नाही असं?”

चेकरबाईंनी बराच वेळ शीटकडे पाहिलं. मग लाल पेन्सिल कानावर परत ठेवली. त्यांनी काहीच खूण केली नव्हती. ‘तपासलं’ या चौकटीत सहीही केली नव्हती.

“तुझ्या बापाला दाखव,” त्या म्हणाल्या. “मी यावर सही करत नाही. तारीख बघूनच करणार नव्हते. पण आता तर मुळीच नाही.”

बाबांनी चष्मा पुसून शीट पाहिलं. त्यांचं बोट डागावरून न थांबता पुढे गेलं. “छान. खिसा स्पष्ट दिसतोय. असंच हवं होतं.”

“बाबा, खिसा भरीव दिसतोय. आणि मध्ये...”

“ऑफिसात सर म्हणायचं.”

“सर, मध्ये काहीतरी पांढरं आहे.”

“मला काही दिसत नाही,” बाबा म्हणाले. चिडून नाही, अगदी सहज. चाळीस वर्षं रेघा पाहिलेला माणूस. धाकट्याला तेव्हा पहिल्यांदा बापाची भीती वाटली. याआधी नुसता राग यायचा.

५

बुधवारी दुपारी मेलेल्या माणसाची बहीण आली. कुणी बोलावलं नव्हतं. दारातच चपला काढून आत आली. तिला बसायला कुणी खुर्ची दिली नाही, म्हणून चेकरबाईंनी स्वतःची दिली.

“तो कुठे होता ते मला बघायचंय,” ती म्हणाली. “टाकीत मला उतरू देत नाहीत. म्हणाले, ड्रॉइंग ऑफिसात आहे.”

बाबा लगेच पुढे झाले. अशा वेळी त्यांचा आवाज मऊ होतो, लग्नघरात वडीलधाऱ्यांचा होतो तसा. “हे बघा ताई, झालं ते फार वाईट झालं. पण आमच्याकडे सगळं दाखवलेलं होतं. हे बघा, खिसा. तारीख बघा, गेल्या वर्षीची. तुमच्या भावाने उतरण्याआधी शीट बघायला हवं होतं. आता त्याला इलाज नाही.” आणि नवं शीट तिच्यापुढे पसरलं.

“तुम्हाला हे कळायचं नाही म्हणा,” ते म्हणाले, “तांत्रिक असतं.”

“मी शिवणकाम करते,” ती म्हणाली. “कापड बेतायच्या आधी माणूस कागदावरच बघावा लागतो.”

तिने एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. मॅनहोल, शिडी, तळ. मग काहीही न विचारता तिने बोट ठेवलं. पांढऱ्या डागावर.

“हा तो.”

प्लॉटर कुणाचं तरी काम छापत होता, तेवढाच आवाज.

“असाच झोपायचा,” ती म्हणाली. “लहानपणापासून. गुडघे पोटाशी घेऊन. आई म्हणायची, दोन माणसांची जागा ठेवतोस कुणासाठी?” ती जराशी हसली. मग वाकली आणि तिचं हसू गेलं. “पण यात तोंड इकडे का आहे?”

“कुठे?” धाकट्याने विचारलं. त्याला विचारायचं नव्हतं.

“आम्ही बाहेर काढला तेव्हा तोंड भिंतीकडे होतं. यात वर बघतोय. आपल्याकडे.”

बाबांनी शीट गुंडाळायला घेतलं. “ताई, तुमची मनःस्थिती मी समजू शकतो.”

“तो ठोकत होता म्हणाले,” ती म्हणाली. तिची नजर आता कागदावर नव्हती, एकेका माणसावर फिरत होती. “तेव्हा कुणी इथे विचारलं होतं का? आत जागा आहे का, म्हणून?”

“नाही,” बाबा म्हणाले.

तिची नजर धाकट्यावर येऊन थांबली. तेवढ्या वेळात तो काहीही म्हणू शकला असता. ‘हो’ इतका छोटा शब्द आहे की थुंकीबरोबर बाहेर पडेल. त्याने खाली पाहिलं. तिच्या पायांकडे. अनवाणी, फरशीवर, या ऑफिसात चपला काढून येण्यासारखं काय होतं कोण जाणे. त्याचे कान तापले, मान तापली, आणि तो गप्प उभा राहिला. बापासारखा. हुबेहूब.

ती गेल्यावर चेकरबाई कुणाकडेही न बघता म्हणाल्या, “थू.”

६

त्या दिवशी संध्याकाळी जेवणाआधी बापलेकाचं वाजलं. आई भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही. या घरात मान वर न करण्याची पद्धत सगळ्यांनाच होती.

“जुनं शीट मी फाडलेलं नाही,” धाकटा म्हणाला. “ते उद्या देणार.”

“काय दाखवायला? की बाप चुकला?”

“खिसा शीटवर नव्हता, आणि मी त्या शीटवरून फोनला उत्तर दिलं, एवढं सांगणार.”

“आणि मग तुझी नोकरी? घर?” बाबांनी टॉवेल खांद्यावर टाकला. “तुला काय वाटतं, मला झोप लागते? पण मला काय वाटतंय ते मी कुणाला सांगितलं नाही. सहन केलं. तुला एक साधं गप्प बसता येत नाही. कॉलेजही तसंच सोडलंस.”

“तुम्ही मान हलवलीत.”

“मी मान हलवली. बोललास तू.”

धाकटा आपल्या खोलीत गेला. जुनं शीट गुंडाळीतून काढून त्याने दिव्याखाली पसरलं. उजवा अर्धा कापलेला, डावा साधा. डावीकडे नुसती बाहेरची भिंत आणि तिच्याखाली कोऱ्या काँक्रीटचा पाया. स्वच्छ. कुठे डाग नाही. खाली कोपऱ्यात तीन चौकटी, ‘काढलं’ मध्ये त्याची सही, ‘मंजूर’ मध्ये बाबांची. त्याला एकदम हलकं वाटलं. हा कागद खरा होता. यावर काही नव्हतं, म्हणून तो ‘नाही’ म्हणाला. एवढं सांगायचं. पुढचं कोण विचारणार आहे? ते फक्त त्यालाच माहीत होतं.

एवढं कबूल करूनही आपण प्रामाणिक ठरू, असं त्याला वाटलं. शरमेतही माणूस घासाघीस करतो.

७

चौकशीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, पाण्याचा जग, खिडकीला जाड पडदे. चौकशी अधिकारी सर्दीने बेजार होता, दर दोन वाक्यांना नाक पुसत होता. एका बाजूला बाबा, धाकटा. समोर फोरमन, आणि बाकाच्या टोकाला बहीण.

बाबांनी नवं शीट पुढे केलं. धाकटा उभा राहिला.

“ते खोटं आहे. ते मी सोमवारी काढलं. खरं हे आहे.” त्याने गुंडाळी टेबलावर ठेवली. “यावर खिसा नाही. डावी बाजू दाखवलेलीच नाही. साइटवरून फोन आला तेव्हा हेच शीट माझ्यासमोर होतं. म्हणून मी सांगितलं, भरीव आहे. चूक ऑफिसची आहे.”

फोरमनने डोळे मिटून घेतले. बाबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला.

अधिकाऱ्याने गुंडाळी उलगडली, चार कोपऱ्यांवर चार वस्तू ठेवल्या. बराच वेळ पाहिलं. नाक पुसलं.

“तुम्ही कशाला अंगावर ओढून घेताय?” तो म्हणाला. “दाखवलंय की इथे.”

“कुठे?”

“हे काय.”

धाकटा वाकला. डाव्या अर्ध्यात, बाहेरच्या भिंतीखाली, कोऱ्या काँक्रीटवर एक वेडीवाकडी रेघ होती. तिने भिंतीचा तेवढाच तुकडा फोडून काढल्यासारखा उघडा केला होता. असं करतात. सगळी वस्तू कापायची नसते, फक्त एका जागेपुरतं आत बघायचं असतं, तेव्हा तेवढाच टवका काढून दाखवतात. आख्ख्या ड्रॉइंगमध्ये ही एकच रेघ पट्टीने काढत नाहीत. मोकळ्या हाताने काढतात.

हा हात धाकट्याचा नव्हता. बाबांचाही नव्हता. रेघ जागोजाग तुटलेली होती, पुन्हा पुन्हा नेट लावून ओढलेली. टवक्याच्या आत खिसा होता. लांबी, रुंदी, खोली. झाकण. झाकणाची कडीसुद्धा. ती कडी त्या चिठ्ठीत होती, आणि चिठ्ठीनंतर फक्त एका माणसाच्या डोक्यात होती.

“काल हे नव्हतं,” धाकटा म्हणाला.

“सही तुमची, तारीख गेल्या वर्षीची,” अधिकारी म्हणाला. “शाई काय काल उगवली?”

बाबांच्या तोंडावर रंग परत येत होता. “मी म्हणतच होतो साहेब, सगळं दाखवलेलं आहे. पोरगा घाबरलाय. नवशिका आहे, शिक्षण अर्धवट. त्या दिवशी वाचायला चुकला असेल. नजरेतून सुटलं असेल, हो ना रे? सांग, सुटलं म्हणून.”

किती सोपं होतं. नजरेतून सुटलं. बापाने आयुष्यात पहिल्यांदा त्याला मनापासून दार उघडून दिलं होतं.

बहीण उठून टेबलापाशी आली होती. तिने कागदाकडे पाहिलं, बोट त्या वेड्यावाकड्या रेघेवरून सगळीकडून फिरवलं. बोटाला काळी शाई लागली. ओली.

“म्हणजे फोन आला,” ती हळूहळू म्हणाली, “तेव्हा ही जागा तुमच्या डोळ्यांसमोर होती.”

धाकट्याने बापाकडे पाहिलं नाही.

“हो,” तो म्हणाला. “होती. मला सगळं आठवत होतं. मी परत फोन लावला नाही.”

त्याला वाटलं होतं, ती मारेल. थुंकेल तरी. ती कागदाकडेच बघत होती. टवक्याच्या जागी कागद किंचित फुगून वर आला होता, आतून कुणी टेकू दिल्यासारखा. तिने त्यावर तळवा ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला.

“मला कशाला सांगता?” ती म्हणाली. “याला सांगा.”

अधिकारी काहीतरी म्हणाला, बाबांनी त्याची बाही धरून ओढली. धाकटा टेबलावर वाकला, तोंड कागदाला टेकेल इतका खाली. शाईचा वास होता, आणि तिच्याखाली गाळाचा. त्याने बोलायला ओठ उघडले, आणि कागदाच्या आत कुणीतरी ऐकण्यासाठी श्वास रोखून धरला.